मोटारसायकलमधील एबीएस

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू नये, यासाठीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. दुचाकीचा तोल फिरत्या चाकांवर टिकतो. पुढचे चाक जाम झाले की हँडल निकामी होते आणि गाडी क्षणार्धात आडवी पडते. म्हणून मोटारीपेक्षा येथे एबीएसचे मोल अधिक आहे.

चाकालगतच्या दातेरी कड्यावरून संवेदक चाकाचा वेग मोजतो. तो एकाएकी घटू लागला, की नियंत्रक झडपांद्वारे कॅलिपरमधील ब्रेक ऑइलचा दाब कमी करतो आणि चाकाने वेग घेताच पुन्हा वाढवतो. सेकंदात हे अनेकदा घडते, लिव्हर थरथरते. नवखा चालक दचकून पकड सैल करतो, तसे मुळीच करू नये.

इलेक्ट्रॉनिक एबीएस असलेली पहिली मोटारसायकल बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये आणली. भारतात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले. मात्र एकमार्गी एबीएस फक्त पुढच्या चाकापुरते असते, मागचे जाम होऊ शकते.

एबीएस टायरची पकड वाढवत नाही. सुट्या खडीवर किंवा वाळूत थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. वळणावर पकडीचा मोठा भाग गाडी वळवण्यातच खर्ची पडतो, त्यामुळे साधे एबीएस असूनही गाडी घसरू शकते. गाडीचा कल मोजून दाब ठरवणारे ‘कॉर्नरिंग एबीएस’ ही उणीव बरीच भरून काढते, पण ते बहुधा महागड्या गाड्यांतच मिळते.