खाडीवरचं सागवान आणि आपला पहिला बाक

दुबईच्या खाडीकाठची लाकडी ढो जहाजं आपण सगळेच पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. पण ह्या वाळवंटात एवढं लाकूड आलं कुठून? मंडळी, उत्तर समुद्रापलीकडे आपल्याच बाजूला आहे. जहाजांचं सागवान मलबारहून यायचं. केरळातलं बेपूर तर अरबांसाठी 'उरू' जहाजं बांधण्याबद्दल प्रसिद्ध आहे. घरांच्या छपरांसाठी पूर्व आफ्रिकेतून खारफुटीचे वासे, म्हणजे 'चंदल', येत. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद! जुन्या बस्तकियातल्या, म्हणजे आजच्या अल फहिदीतल्या, अरुंद खोल्यांचं रहस्य हे.

लाकूड निवडण्याचा विचार मराठी राज्यातही झाला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. सागवान वगैरे अरण्यातून परवानगीनं तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं.

पुढे मुंबईच्या गोदीत सागवानाचं सोनं झालं. लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या जहाजं बांधली. त्यातलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतंय. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. तेलकट सागवानात ते टिकतात.

पण नुसतं चांगलं झाड असून भागत नाही, ते वाळावं लागतं. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं पांढरं लाकूड कापून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत. मग तोडून ओंडके नदीत सोडत.

आज शारजातल्या गॅरेजमध्ये कुणी सुतारकामाचा पहिला बाक करायला घेतला, तर त्यालाही हेच लागू आहे. फळी सरळ रेषांची, गाभ्याची, कमी गाठींची निवडावी. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, टोकांना रंग किंवा मेण लावून, सावलीत वारा खेळेल अशा रचाव्यात. उघड्यावर वाळवताना इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब. एक फळी दर आठवड्याला तोलावी. वजन घटायचं थांबलं की समजावं. इथली खरी मेख एसी! बाहेर दमट, आत कोरडं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत मात्र आकसतं आणि भेगा पडतात. म्हणून बाक जिथे राहणार, त्याच खोलीत फळ्या काही आठवडे ठेवाव्यात.

झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हे अमात्यांनी लिहून ठेवलंच आहे. ज्यानं आपल्यासाठी इतकी वर्षं वाढण्यात घालवली, त्याला वाळायला आपण एक वर्ष द्यायला काय हरकत आहे?