जुळवून घेतलं ते कोणी?

शहरात प्राणी जुळवून घेतात, असं आपण सहज म्हणतो. हा शब्द जरा तपासू. १८४८ साली, डार्विनचा ग्रंथ यायच्या ११ वर्षं आधी, इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये ‘पेपर्ड मॉथ’ या फिकट, ठिपकेदार पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. गिरण्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळवंडली होती. १८९५पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. म्हणजे पतंगांनी रंग बदलला का? नाही. फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरले, खाल्ले गेले. काळ्यांची प्रजा वाढली. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर ओसरत गेला, तसे फिकट पुन्हा वाढले. उत्क्रांती झाली खरी. पण एकाही पतंगानं जुळवून घेतलं नव्हतं. तेव्हा हा शब्द वापरताना, जे उरले नाहीत त्यांचा हिशेबही आपण मांडायला हवा.