सुट्या भागांचा सौदा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत जानेफळ नांवाचें गांव आहे. मुंबईपासून हवाई रेषेनें तें सुमारें ४०० किलोमीटर दूर पडतें. गांवास आगगाडी नाहीं. १९४२ सालच्या ऑगस्टांत पुढारी तुरुंगांत पडले, वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध आले, आणि देशांत काय चाललें आहे हें कळण्याचे मार्ग अशा आडवाटेच्या गांवांना एकामागून एक बंद होऊं लागले. त्याच प्रांतांतील आष्टी आणि चिमूर येथें जें घडलें, त्याची खरी हकीकत छापून येणें दुरापास्त झालें. उरला तो आकाशाचा मार्ग. त्या मार्गासाठीं मुंबईच्या कांहीं तरुण स्नेह्यांनीं जी जुळवाजुळव केली, ती हिंदुस्थानांतील हौशी बिनतारी विद्येच्या इतिहासांतील एक विलक्षण खरेदी होय.

ही हौस मुंबईस नवी नव्हती. १९२३ च्या जून महिन्यांत मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणाचे प्रयोग केले. व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तें त्यानंतर चार वर्षांनीं. म्हणजे सरकार आणि कंपन्या यांच्या आधीं हौशी मंडळीच या आकाशांत वावरत होती. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे घरांतील एक टेबल, आणि भांडार म्हणजे शहरांतील बाजार. तयार यंत्र विकत घेण्यापेक्षां सुटे भाग निवडून आणावे व आपल्या हातांनीं जोडावे, यांतच त्यांचा आनंद सांठवलेला असे.

प्रक्षेपकाला लागतें तरी काय? ठराविक लांबीच्या लहरी निर्माण करणारा आंदोलक, त्या लहरींना बळ देणारे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेचीं वेटोळीं, कंडेन्सर, विजेचा दाब चढविणारा ट्रान्सफॉर्मर, बोलण्यासाठीं मायक्रोफोन आणि छपरावर ताणलेली एरियलची तार. यांतील बहुतेक वस्तु घरगुती रेडिओच्या दुरुस्तीसहि लागतात. त्यामुळें कंडेन्सर मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा संशय घेण्यास दुकानदाराला कारण नसतें. एकेक भाग निरुपद्रवी असतो. ते जोडणारा हात आणि जोडण्यामागील हेतु हीच काय ती निराळी गोष्ट. सरकारहि हें जाणून होतें. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र बाळगणें हाच गुन्हा ठरला होता. आणि १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द करून यंत्रें जमा करण्याचा हुकूम सुटला.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली, तेव्हां उषा मेहता बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं स्वतंत्र नभोवाणी चालविण्याचें ठरविलें. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांतील प्रमुख. यांपैकीं कोणी यंत्रविशारद नव्हता. पैशाचीहि वाण होती. एका नातलग स्त्रीनें आपले दागिने देऊं केले. मंडळींनीं ते घेतले नाहींत, आणि बाबूभाईंनीं रक्कम उभी केली. प्रक्षेपक कांहीं दुकानाच्या फळीवर मांडून ठेवलेला नव्हता. त्यासाठीं जुना जाणकार गांठणें भाग होतें.

असा जाणकार मिळाला तो नरिमन प्रिंटर. युद्धापूर्वीं त्याच्यापाशीं हौशी प्रक्षेपकाचा परवाना होता. त्यानें या मंडळींसाठीं यंत्र जुळवून दिलें. शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांचेंहि साहाय्य लाभलें. याच पेढीचे ध्वनिवर्धक काँग्रेसच्या सभांतून गर्जत असत. मोटवाने यांच्या मदतीचा उल्लेख उषा मेहता यांनीं पुढें कृतज्ञतेनें केला आहे.

२७ ऑगस्ट १९४२ रोजीं ४२.३४ मीटर लहरीवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. हिंदुस्थानांत कोठून तरी बोलत आहों, एवढाच पत्ता सांगितला जाई. या आंकड्यांतच यंत्राचें कुळ प्रकट होतें. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारें ७.०८ मेगासायकल, आणि चाळीस मीटरचा हा पट्टा हौशी प्रक्षेपकांच्या जुन्या वहिवाटीचा. या लहरी आकाशांतील विद्युद्भारित थरावर आदळून पुन्हा भूमीवर उतरतात. म्हणून माफक शक्तीचें यंत्रहि शेंकडों मैलांवर ऐकूं येऊं शकतें. मोठे मनोरे उभारण्याची ऐपत नसलेल्यांस निसर्गानें दिलेली ही सवलतच म्हणावयाची. मुंबईंतून निघालेली लहर जानेफळासारख्या गांवावर उतरण्यास वाटेंत ना डोंगर आडवा येत होता, ना पोलिसांचें ठाणें.

मात्र जी लहर श्रोत्याला सांपडते, ती शोधकालाहि सांपडते. दिशा दाखविणारीं यंत्रें घेऊन पोलीस माग काढूं लागले, तशी मंडळी बिऱ्हाडें बदलूं लागली. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगांवांतील पारेखवाडी, आणि शेवटीं महालक्ष्मीच्या देवळाजवळील पॅरडाइज बंगला. राममनोहर लोहिया यांचें मार्गदर्शन असे. चितगांववरील बॉम्बवर्षाव, जमशेटपूरचा संप, आष्टी-चिमूर येथील अत्याचार, अशा दडपलेल्या वार्ता या लहरीवरून देशाला समजल्या. वऱ्हाडाला आपल्याच प्रांतांतील बातमी मुंबईच्या वाटेनें ऐकावी लागावी, असा तो काळ होता.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजीं हें पर्व संपलें. पोलिसांच्या हातीं लागलेल्या प्रिंटरनें ठिकाण दाखविलें. त्या दिवशीं धाडींची कुणकुण लागूनहि उषा मेहता बंगल्यांत गेल्या आणि त्यांनीं ठरलेला कार्यक्रम सुरू केला. अखेरचें ‘वंदे मातरम्’ वाजत असतां दारावर आघात झाले. पुढील खटल्यांत प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला. उषा मेहता यांस चार वर्षांची शिक्षा झाली. बाबूभाई व चंद्रकांत यांनाहि तुरुंगवास घडला. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले.

प्रिंटरविषयीं काय म्हणावें? त्याच्या हातांवांचून हा आवाज उमटला नसता, आणि त्याच्याच तोंडून तो बुडाला. इतिहासानें या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत. विद्या आणि धैर्य हे गुण एकाच मनुष्यांत नेहमीं एकत्र नांदतातच असें नाहीं. विद्या त्या मंडळींना मिळवितां आली, कारण ती शोधून आणण्यासारखी होती. धैर्य मात्र ज्याचें त्यानेंच आणावयाचें होतें. यंत्राचें कांहीं न जाणणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीनें तें आणलें, आणि १९४६ सालीं सुटका होईपर्यंत त्याची किंमत चुकती केली.

स्वातंत्र्यानंतर दिवस पालटले. १९४८ सालीं महू येथें हौशी प्रक्षेपकांची अखिल भारतीय संस्था निघाली. युद्ध संपल्यावर लष्कराचें जुनें सामान विक्रीस निघालें. रणगाड्यांतील १९ नंबरचा सेट हौशी मंडळींच्या घरीं आला. त्याचा पल्ला २ ते ८ मेगासायकलांचा, म्हणजे चाळीस मीटरचा पट्टा त्यांत सहज बसे. मुंबईंत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड हीं या हौशीचीं तीर्थक्षेत्रें बनलीं. लॅमिंग्टन रोडाचें नांव पुढें डॉ. भडकमकर मार्ग झालें, व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आणि मग संगणक आले, तरी सुटे भाग विकणारीं दुकानें तेथें राहिलीं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां हौशी प्रक्षेपक आपलीं यंत्रें घेऊन संदेशवहनाच्या कामास धांवले. आज परीक्षा देऊन परवाना मिळविला कीं जानेफळांतील विद्यार्थीहि आपल्या छपरावर एरियल ताणून चाळीस मीटरवर उघडपणें बोलूं शकतो. १९४२ मध्यें त्याच पट्ट्यावर बोलण्याबद्दल चार वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या उषा मेहता पुढें मुंबईंत राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या, आणि ११ ऑगस्ट २००० रोजीं निवर्तल्या.