वाटणी न झालेले अंगण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातबाऱ्यावर पाच-पंचवीस नावे असलेली जमीन आपल्याकडे नवलाची नाही. पणजोबा गेले, आजोबा गेले, वाटणी काही झाली नाही. एक चुलता मुंबईला, दुसरा बडोद्याला, आणि उताऱ्यावर मात्र सगळे गुण्यागोविंदाने एकत्र! अशाच जमिनीवर एक अख्खा समाज दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, तोही अमेरिकेत. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या दक्षिणेकडच्या राज्यांच्या किनाऱ्याला लागून बेटांची एक रांग आहे. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांना गल्ला किंवा गीची म्हणतात. आपल्या दुकानातल्या गल्ल्याशी या नावाचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. त्यातले बरेचजण भात पिकवणाऱ्या मुलखातले होते. सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर भातशेती शतकानुशतकांची, आणि कॅरोलायनातल्या मळेवाल्यांना नेमके हेच कसब हवे होते. पण भाताच्या खाचरांत डास, आणि डासांबरोबर हिवताप. उन्हाळा लागला की गोरे मालक शहर गाठत. मागे उरत ते मुकादम आणि गुलाम. या एकटेपणात आफ्रिकेतल्या कितीतरी गोष्टी टिकून राहिल्या. उखळ-मुसळ टिकले, भात पाखडायची गवताची पसरट गोल टोपली टिकली. आपल्या आज्यांना ती हातात दिली असती तर सूप कुठे आहे म्हणून कुणी विचारले नसते. इंग्रजी शब्द आफ्रिकी वळणाने बोलणारी त्यांची स्वतंत्र बोलीही टिकली.

पुढे यादवी युद्ध पेटले. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली आणि आसपासच्या बेटांवरचे मळेवाले पळाले. सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. सेंट हेलेना बेटावर १८६२ मध्ये लॉरा टाउन या उत्तरेकडून आलेल्या बाईंनी त्यांच्यासाठी शाळा काढली, ती पेन स्कूल. त्याहून मोठी गोष्ट घडली ती जमिनीची. पळालेल्या मालकांनी कर भरला नव्हता, म्हणून सरकारने त्यांच्या जमिनी विकायला काढल्या. कालच्या गुलामांनी साठवलेल्या पैशांतून त्यातले छोटे छोटे तुकडे घेतले. दहा एकर म्हणजे चांगला तुकडा. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढून किनाऱ्यावरची जमीन चाळीस एकरांपर्यंत प्रत्येक कुटुंबाला देऊ केली, पण अध्यक्ष जॉन्सन यांनी ती त्याच वर्षी जुन्या मालकांना परत करायला लावली. हुकुमाने मिळालेली जमीन अशी बहुतेकांच्या हातून गेली. सेंट हेलेनावर पैसे मोजून घेतलेली राहिली.

या तुकड्यावर जे उभे राहिले त्याला ते साध्या शब्दात ‘यार्ड’ म्हणत. आपण अंगण म्हणू, नाहीतर वाडी. मुलाचे लग्न झाले की आईबापांच्या घराशेजारीच त्याचे घर. मग नातवाचे. मधे भाजीचे वाफे, कोंबड्या, आणि खाडीवर नेण्यासाठी विणायला घेतलेले जाळे. लेकरे कुणाच्या तरी एकीच्या नजरेखाली वाढत, ती आजी असो की चुलती. मृत्युपत्र बहुधा कुणी करत नसे. न्यायकचेरी गोऱ्यांची, तिथे जाऊन काय पदरात पडणार? म्हातारा गेला की जमीन सगळ्यांची, वडीलधारे सांगतील तिथे घर बांधायचे.

भांडणे होत नसत असे कसे होईल? त्यासाठी प्रार्थनाघर होते. खोलीएवढी लाकडी झोपडी. रविवारी आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी तिथे माणसे जमत, गोल धरून टाळ्या आणि पावलांच्या ठेक्यावर गात. पावलावर पाऊल चढवायचे नाही, कारण मग तो नाच झाला, आणि नाच म्हणजे पाप! तंटा असला तर तो आधी इथे मांडायचा. परस्पर कोर्टात जाणाऱ्याला नावे ठेवली जात.

मुलाला नावे दोन. एक शाळेसाठी, दुसरे घरचे. आपल्याकडे वकील झालेला माणूस घरी बंड्याच राहतो, तसेच. पुष्कळ अभ्यासकांनी या बोलीला मोडके इंग्रजी म्हणून निकालात काढले होते. लोरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात बेटांवर फिरले, ओसरीवर बसले, आणि लोकांनी त्यांना घरातली नावे सांगितली. त्यातली हजारो आफ्रिकी भाषांतली निघाली. त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये आले.

जॉर्जियातल्या हॅरिस नेक या गावी टर्नर यांना अमेलिया डॉली या बाईंनी एक गाणे म्हणून दाखवले. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. ती भाषा सिएरा लिओनमधली मेंडे निघाली. १९९० च्या सुमारास संशोधक तेच गाणे घेऊन तिकडे गावोगाव हिंडले, तेव्हा सेनेहुन न्गोला गावातल्या बेंडू जबाती यांनी ते ओळखले. बायकांनी कबरीपाशी म्हणायचे गाणे होते ते, आणि त्यांना ते आजीने शिकवले होते. अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरन हिच्या लहानपणी मात्र ते खेळगाणे झाले होते. मरणाचे गाणे अंगणातल्या खेळात जाऊन बसले, म्हणूनच ते जगले असेल, असे मला वाटते. १९९७ मध्ये मेरीबाई त्या गावी गेल्या.

आता जमिनीची दुसरी बाजू. १९५६ मध्ये हिल्टन हेड बेटावर पूल झाला. पाठोपाठ गोल्फची मैदाने, बंगले आणि भिंतींनी वेढलेल्या वसाहती आल्या. करही वाढले. वारस सगळे, कागद मात्र पणजोबांच्या नावाचा, म्हणून बँक कर्ज देईना. वादळाने घर मोडले तर सरकारी मदतही अडे. शिवाय कायद्यात मोठीच फट होती. कुणाही एका वारसाचा, अगदी कधी बेटावर न आलेल्या दूरच्या भावाचा हिस्सा विकत घेऊन व्यापारी कोर्टात वाटणी मागू शकत असे. दहा एकरांचे पन्नास तुकडे पाडायचे कसे? मग कोर्ट म्हणे, सगळी विका आणि पैसे वाटा. लिलावात बोली लावायला रोकड असे ती त्या व्यापाऱ्याकडेच. एकत्र राहण्यासाठी जी जमीन वाटली नाही, तिच्या न वाटण्याचाच आधार घेऊन ती काढून घेतली गेली. हिल्टन हेडवर काही जुनी दफनभूमी आज अशा वसाहतींच्या फाटकाआड आहे. आजोबांच्या कबरीला जायचे तर पहारेकऱ्याला कारण सांगावे लागते. या वसाहतींची नावे काय ठेवली? ‘प्लँटेशन’! गुलामांच्या मळ्यांचाच शब्द.

२०१० मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. साउथ कॅरोलायनाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले. हे आमदार आणि पाद्री. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये झालेल्या गोळीबारात ते मारले गेले होते. आता एका हिस्सेदाराने विक्री मागितली तर बाकीच्या घरच्यांना त्याचा हिस्सा योग्य किमतीला घेण्याची पहिली संधी मिळते.

हॅरिस नेकला मात्र या कायद्याचा उपयोग नाही. तिथली जमीन वाटणीच्या दाव्यात गेली नव्हती. १९४२ मध्ये सरकारने ती लष्करी धावपट्टीसाठी घेतली, कुटुंबांना जेमतेम दोन आठवड्यांत बाहेर काढले, आणि १९६२ पासून तिथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. वंशज अजून जमीन परत मागत आहेत.