स्वमग्न मूल आणि सरकारी शाळा : हक्क कसा मिळाला, वर्ग कसा निवडावा?

परवा एका आजींचा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच वाढलेला निघाला. गोळ्या वेळेवर चालू होत्या. मग कळलं, आदल्या रात्री न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला होता. चार वर्षांच्या नातवाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. तिथल्या सरकारी शाळेत दोन पर्याय चर्चेत आहेत : नेहमीच्या वर्गात मदतनिसासह बसवणं, किंवा मोजक्या मुलांचा वेगळा वर्ग. आजींनी विचारलं, "डॉक्टर, वेगळा वर्ग म्हणजे आमच्या पोराला बाजूलाच काढलं की हो!"

आजींची भीती निराधार नाही. अशा मुलांना खरोखरच बाजूला काढलं जात होतं, आणि त्या गोष्टीला फार काळही लोटलेला नाही.

दोष आईचा?

1943 मध्ये अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. स्वमग्नतेची वेगळी ओळख तिथून सुरू झाली. पुढची दोन-अडीच दशकं मात्र आईवडिलांसाठी फार वाईट गेली. आईच्या मायेत कमी पडल्यामुळे मूल असं होतं, हा समज डॉक्टरांमध्येही पसरला होता. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी हा आजार मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित आहे, असं पुस्तकातून मांडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, त्यांनी इतर पालकांसह राष्ट्रीय संघटना उभी केली. आज आपण ठामपणे सांगू शकतो की स्वमग्नता संगोपनातील चुकीमुळे होत नाही.

शाळेचं दार

तरीही शाळेचं दार बंदच होतं. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार ज्या मुलाचं बौद्धिक वय पाच वर्षांपर्यंत पोचलेलं नाही, त्याला शाळा प्रवेश नाकारू शकत होती. पालकांची संघटना न्यायालयात गेली आणि 1971-72 मध्ये राज्याने अशा मुलांना मोफत शिक्षण देण्याचं मान्य केलं. 1972 मध्येच वॉशिंग्टन शहरातील मिल्स खटल्यात न्यायालयाने बजावलं, की पैसे अपुरे आहेत ही सबब चालणार नाही. पैसे कमी असतील, तर त्याची झळ फक्त अपंग मुलांनी सोसायची नाही.

त्या सुमारास दहा लाखांहून अधिक अपंग मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर होती, असं अमेरिकी संसदेने नोंदवलं. 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यातील चार गोष्टी आजही महत्त्वाच्या आहेत : शिक्षण मोफत आणि मुलाला योग्य असं हवं, प्रत्येक मुलासाठी वेगळा लेखी शैक्षणिक आराखडा (आयईपी) हवा, शक्य तितकं इतर मुलांसोबत शिकवावं, आणि निर्णय पटला नाही तर पालकांना दाद मागता यावी.

स्वमग्नतेला मात्र या कायद्यात स्वतंत्र जागा नव्हती. सुरुवातीला ही मुलं गंभीर भावनिक विकाराच्या गटात मोजली जात. जुन्या गैरसमजाची ती सावलीच होती. 1981 मध्ये गट बदलला, आणि 1990 मध्ये कायद्यात स्वमग्नता स्वतंत्र नावाने आली.

वेगळा वर्ग वाईटच असतो का?

नाही. 1972 मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने टीच नावाचा कार्यक्रम राज्यभर सुरू केला. एरिक शॉपलर यांनी त्यात पालकांना दोषी न धरता सहकारी मानलं. चित्रांचं वेळापत्रक, ठरलेल्या जागा, एका वेळी एक काम अशी ही पद्धत. गोंगाटाने बावरणाऱ्या मुलाला अशी शांत, आखीव जागा खरंच उपयोगी पडू शकते.

पण कायद्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी नेहमीचा वर्ग आणि लागेल ती मदत. तेवढ्याने भागत नसेल तरच वेगळा वर्ग, आणि तो का, हे शाळेने सांगायला हवं.

दुसरी कसोटी 2017 च्या एन्ड्र्यू एफ. खटल्यातून मिळाली. कोलोरॅडोतील या स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षं जवळपास तीच उद्दिष्टं उतरवली जात होती. नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाची परिस्थिती पाहून त्याला साजेशी प्रगती होईल असा आराखडा हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

म्हणून वर्ग निवडताना पालकांनी हे विचारावं :

- आराखड्यातील उद्दिष्टं मोजता येतील अशी आहेत का? "संवाद सुधारेल" हे उद्दिष्ट नव्हे. "चित्र दाखवून पाणी मागेल" हे उद्दिष्ट.
- वर्गात मुलं किती, मोठी माणसं किती, आणि त्यांचं प्रशिक्षण काय?
- वाचा-उपचार आठवड्याला किती वेळ? तो आकडा आराखड्यात लिहिलेला आहे का?
- वेगळा वर्ग असेल तर दिवसातला किती वेळ इतर मुलांसोबत जाईल?
- प्रगती आम्हाला कधी आणि कशी कळवाल?

शक्य असेल तर दोन्ही वर्ग प्रत्यक्ष पाहावेत. विशेष सेवा पहिल्यांदा सुरू करायला पालकांची लेखी संमती लागते. आराखडा वर्षातून किमान एकदा तपासावाच लागतो, त्यामुळे आज घेतलेला निर्णय कायमचा नसतो.

आपल्याकडे 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. 2016 च्या कायद्यात तो झाला. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वरचे प्रश्न इथेही तितकेच लागू पडतात.

आजींना मी एवढंच सांगितलं : वर्गाच्या दारावर काय लिहिलंय ते बघू नका, सहा महिन्यांनी नातू काय नवीन करतोय ते बघा. काहीच नवीन नसेल तर मुलाला म्हणावं, बैठक पुन्हा बोलाव, तुझा हक्क आहे तो. आणि सुनेला आवर्जून सांगा, यात तिची काही चूक नाही.