पुणेरी घरातील कोठी : सालबेगमीपासून फळीपर्यंत

मराठी राज्याच्या कारभाराचे वर्णन करताना इतिहासकार अठरा कारखाने व बारा महाल यांची यादी देतात. त्या यादीत अंबरखाना, मुदबखखाना आणि आबदारखाना हे कारखान्यांत, तर कोठी ही महालांत मोडते. धान्याचा मोठा साठा, स्वयंपाक, पिण्याचे पाणी आणि रोजच्या पुरवठ्याचे सामान या चार गोष्टी राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या खात्यांकडे सोपविल्या होत्या, हे या विभागणीवरून उघड होते. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती या नावांनी ओळखली जाणारी धान्यकोठारे आजही प्रवाशांना दाखविली जातात. मात्र ज्या कोठीवर पुण्यातील सामान्य घराचा वर्षभराचा निर्वाह चाले, तिच्या रचनेकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. घरातील जिन्नस कोठे व कोणत्या क्रमाने ठेवावेत हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते : घर व बाजार यांच्यामध्ये किती दिवसांचे अंतर आहे, आणि साठ्यातून जिन्नस काढून देण्याचा अधिकार कोणाकडे आहे. या दोन गोष्टी बदलल्या तशी कोठीची मांडणीही बदलत गेली.

पेशवाईत व त्यानंतरही बराच काळ पुण्यातील सुखवस्तू घराचा साठा सालबेगमीच्या हिशेबाने होई. इनामाचे, वतनाचे किंवा खंडाचे धान्य सुगीनंतर गावाहून येई आणि पुढील सुगीपर्यंत पुरवावे लागे. त्यामुळे वाड्यातील कोठीची खोली माजघरालगत, आतल्या अंगास, कमी उजेडाची व एकाच दाराची असे. जमिनीखाली पेव, भिंतीत बांधून काढलेले बळद, शेणाने लिंपलेली बांबूची कणगी ही वर्षाच्या साठ्याची साधने होत. मध्यम मुदतीचे जिन्नस रांजणांत आणि मडक्यांच्या उतरंडीत राहत. लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधून त्या फडताळात ठेवीत. दूधदुभत्यासाठी मांजराच्या आवाक्याबाहेर शिंके टांगलेले असे. तिखटमिठासारखे हरघडी लागणारे पदार्थ चुलीजवळच्या कोनाड्यात असत.

या रचनेत एक निश्चित तत्त्व दिसते. जो जिन्नस जितक्या उशिरा लागावयाचा, तितका तो खोल, जड आणि बंदिस्त. जो लवकर लागावयाचा, तो हाताशी. येथे हाताशी याचा अर्थ बसलेल्या माणसाच्या हाताशी असा घेतला पाहिजे. चूल जमिनीवर होती व स्वयंपाक बसून होई. म्हणून नित्याच्या वस्तूंची उंचीही जमिनीपासून हातभरच असे. सोवळ्याओवळ्याचा विचार पाळणाऱ्या घरांत या क्रमाला आणखी एक बंधन पडे. लोणची, पापड यांची जागा केवळ सोयीने न ठरता, तेथे कोणी व कोणत्या अवस्थेत हात लावावा यानेही ठरत असे.

साठ्याला कालगणनाही होती. उन्हाळ्यात धान्य वाळवून, कडुनिंबाचा पाला किंवा राख घालून भरावे, पापड, कुरडया, सांडगे करून ठेवावे आणि पावसाळ्याचे चार महिने निभावून न्यावे, असा तो क्रम होता. माप घनफळाचे होते. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, अशी ही दुपटीची साखळी असल्याने लेखनवाचन न येणाऱ्या गृहिणीलाही वर्षाचा हिशेब मनात मांडता येई. कणगीत किती उरले हे तिला डोळ्यांनी कळे, आणि कोणत्या मडक्यात काय आहे हे तिला पाठ असे. मडक्यांवर नावे लिहिण्याची गरज नव्हती. कोठीची सूची तिच्या स्मरणात होती.

याच ठिकाणी कोठीचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. ज्या स्त्रीच्या कमरेला कोठीची किल्ली, तिच्या हाती घराचे माप. तिने काढून दिल्याखेरीज शिधा चुलीपर्यंत पोहोचत नसे. सुनेने, आश्रित विधवेने किंवा वाराने जेवणाऱ्या विद्यार्थ्याने किती खावे, हे पुष्कळदा पानावर नव्हे, तर मापट्यावर ठरे. ज्या स्त्रीला घराबाहेर फारसा अधिकार नव्हता, तिचे घरातील अधिकारक्षेत्र हेच होते. आणि दुसऱ्या स्त्रीचे परावलंबन ज्यातून सुरू होई, ते क्षेत्रही हेच. अंधारी खोली व न लिहिलेली सूची यांमुळे हा अधिकार टिकला. माहिती एकीच्याच मनात असली म्हणजे किल्लीही एकीकडेच राहते.

तथापि, वाड्याची कोठी म्हणजे सर्व पुण्याची कोठी नव्हे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाजवळ वर्षाचे धान्य घेण्याइतका पैसा एकदम येत नसे. त्याचा साठा दोनचार गाडग्यांत मावे, आणि खरी कोठी वाण्याच्या दुकानात व त्याच्या उधारीच्या वहीत असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे या दृष्टीने पाहिले, तर साठा असलेले आणि नसलेले घर यांतील भेद केवळ राहणीचा न राहता जगण्यामरण्याचा होता, हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घर व बाजार यांमधील अंतर कमी होऊ लागले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला व १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पुरा झाल्यावर मुंबईशी अखंड दळणवळण जमले. शनिवारवाड्यासमोर भरणाऱ्या बाजाराऐवजी १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली. पगारावर जगणारा कारकून व शिक्षक वाढला, तसा वर्षाऐवजी महिन्याचा हिशेब रूढ झाला. याच सुमारास घासलेटाबरोबर आलेला चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर कोठीत शिरला. रांजण गोल, कणगी गोल, मडके गोल. या चौकोनी डब्याने मात्र कोठीला प्रथमच सरळ रांग दिली. रांगेला फळी हवी, आणि फळी भिंतीवर चढली. १८९७ च्या प्लेगने पुण्याची घरे ओस पाडली. उंदीर, पिसू व रोग यांचा संबंध १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी मांडला आणि पुढील दशकात तो हिंदुस्थानातील संशोधनाने सिद्ध झाला. त्यानंतर मातीच्या पेवापेक्षा उंदराला न कुरतडता येणारा डबा श्रेयस्कर ठरावा, यात नवल नाही.

वस्तूंच्या पाठोपाठ विचारही बदलला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि सासूच्या तोंडून मिळणारे ज्ञान छापील पानावर आले. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा गृहव्यवस्था हा शिकण्याशिकविण्याचा विषय ठरला. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या स्त्री-वास्तुशिल्पज्ञेने लहान घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर योजिले. तांदूळ, साखर इत्यादींसाठी नावे कोरलेले ॲल्युमिनियमचे खण त्यात होते, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. तेथे गृहिणीची पावले मोजून रचना झाली. पुण्यात ती डबा, भाडे आणि पगार यांच्या रेट्याने हळूहळू होत गेली. नाव डब्यावर लिहिले की सूची स्मरणातून बाहेर येते, हा परिणाम मात्र दोन्हीकडे एकच होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत व पाठोपाठ पुण्यात शिधावाटप आले. तेव्हा किती साठवावे हे ठरविण्याचा अधिकार काही काळ गृहिणीकडून शिधापत्रिकेकडे गेला. १९५४ पर्यंत धान्यावरील नियंत्रणे उठली. परंतु थोडे आणावे, संपताच पुन्हा आणावे, ही सवय मागे राहिली. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि पायली-अधोलीची दुपटीची साखळी व्यवहारातून गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील अनेक जुने वाडे त्या पुरात पडले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कोठ्याही गेल्या. १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा झाला. सदनिकेत निराळ्या कोठीला जागा नव्हती. ओट्यावर उभ्याने स्वयंपाक होऊ लागला, तसा हाताशी या शब्दाचा अर्थ बदलून फळ्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या. वर्षाचे धान्य माळ्यावर गेले, किंवा घेणेच थांबले.

या स्थित्यंतराचे मोल एकेरी शब्दांत करता येणार नाही. उघड्या फळीवरचा, नाव लिहिलेला अथवा पारदर्शक डबा घरातील कोणालाही उघडता येतो. सुनेला मापासाठी हात पसरावा लागत नाही, आणि स्वयंपाक हे एकीचेच काम आहे असे म्हणण्याचे एक कारण तरी कमी होते. उलट, संकटाच्या वर्षात तग धरण्याची जी शक्ती सालबेगमीत होती, ती आज दुकानाच्या व पुरवठ्याच्या भरवशावर सोपविलेली आहे; धान्य टिकविण्याचे ज्ञानही त्याबरोबर विरळ होत आहे. कोठीबरोबर घरातील एक अन्याय गेला आणि एक सामर्थ्यही गेले. या दोहोंचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

अशा अभ्यासाची साधने दप्तरखान्यात थोडी व घरात अधिक आहेत. राजा दिनकर केळकर संग्रहालयाने स्वयंपाकघरातील उपकरणे जतन केली, ही मोलाची गोष्ट होय. परंतु काचेच्या कपाटातील मापट्यावरून ते कोणत्या कणगीशेजारी, किती उंचीवर व कोणाच्या ताब्यात होते हे समजत नाही. त्यासाठी उरलेल्या वाड्यांतील कोठ्यांचे आराखडे, घरगुती जमाखर्चाच्या वह्या आणि सालबेगमी केलेल्या वृद्ध स्त्रियांच्या साक्षी यांची एकमेकांशी पडताळणी करावी लागेल. यांपैकी वह्या काही काळ टिकतील. वाडे पाडले जात आहेत, आणि न लिहिलेली सूची ज्यांच्या स्मरणात आहे अशा स्त्रियांची संख्या दरवर्षी घटत आहे. म्हणून साक्षींच्या संकलनास प्रथम स्थान देणे अगत्याचे आहे.