पत्र्याची घडी आणि मोटारीचे अंतरंग

हौसेने घडवून घेतलेल्या मोटारीच्या अंतर्भागातील धातुकाम हा दक्षिण कॅलिफोर्नियात आज एक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित हुन्नर मानला जातो. परंतु ज्या यंत्रावाचून तो हुन्नर उभाच राहिला नसता, ते पत्रा वाकवण्याचे यंत्र मोटारीसाठी जन्मास आलेले नाही. मोटार रस्त्यावर धावू लागण्यापूर्वीच ते गवंडीकामाच्या आश्रयाने वाढले, पुढे विमानाच्या कारखान्यात त्याला नवी शिस्त लागली, आणि मोटारवाल्यांच्या हाती ते आले ते या दोन्ही घराण्यांचे संस्कार अंगावर वागवीत. असे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्याने किंमत विचारण्याआधी त्याची वंशावळ विचारावी, असे माझे ठाम मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरे ज्या वेगाने वाढत होती, त्या वेगाने दगड घडवणारे पाथरवट मिळणे अशक्य होते. प्रत्येक दुकानदाराला मात्र आपल्या इमारतीच्या माथ्यावर, रस्त्याच्या अंगाला, दगडी कंगोऱ्यांची भरदार कॉर्निस हवी असे. फ्रान्समध्ये सोरेल याने 1837 साली लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट मिळवल्यापासून न गंजणारा पत्रा हळूहळू सुलभ झाला होता. त्यातच 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले, आणि लाकडी कॉर्निस म्हणजे आगीला दिलेले निमंत्रण ही गोष्ट सर्वांच्या ध्यानी आली. सेंट लुइस येथील मेस्कर बंधूंनी, आणि त्यांचाच भाऊ जॉर्ज मेस्कर याने इव्हान्सव्हिल येथे, पत्र्याचे संपूर्ण दर्शनी भाग छापील सूचिपत्रावरून विकण्याचा धंदा मांडला, आणि आगगाडीने पाठवलेला तो जिन्नस दूरदूरच्या खेड्यांतल्या पेढ्यांवर चढला.

या कामासाठी जे यंत्र रूढ झाले त्याची रचना साधी होती: पाटावर पत्रा ठेवावयाचा, वरून एक जड तुळई त्यास घट्ट दाबून धरी, आणि पुढचे बिजागरीवरचे पान हातांनी उचलले की रेषेबरहुकूम घडी पडे. कॉर्निस लांबलचक असल्याने यंत्रही लांब, आठ-दहा फुटांचे. इतक्या लांबीवर पान मध्यभागी झोल खाई, म्हणून त्याच्या पाठीशी पोलादी सळईची ताण देणारी जोडणी आली. शिकागोत 1899 साली स्थापन झालेल्या ड्राइस अँड क्रम्प या कारखान्याने अशा यंत्रांचे इतके नाव केले, की शहराचे नावच त्या यंत्रांना चिकटले.

पण कॉर्निस ही अखेर पट्टी आहे, पेटी नव्हे. हवा खेळवणारे नळ, विजेच्या पेट्या, तबके असे काम पत्रेवाल्यांकडे येऊ लागले, तेव्हा अखंड तुळईचा दोष उघडा पडला. पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजू उभ्या केल्या, की उरलेल्या बाजू वाकवताना त्या उभ्या भिंती तुळईवर आदळतात. यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान कल्पना वाटते: तुळईच्या जागी निरनिराळ्या रुंदीची सुटी बोटे बसवली, आणि हवी तेवढीच बोटे ठेवून बाकीची काढली म्हणजे उभ्या भिंतींना त्या मोकळ्या जागेत शिरता येऊ लागले. पेटी किती खोल करता येईल हे मग बोटांच्या उंचीवर ठरू लागले.

तिसरा संस्कार विमानांचा. बरबँकला लॉकहीड, सांता मोनिकाला डग्लस आणि इंगलवुडला नॉर्थ अमेरिकन, असे प्रचंड कारखाने लॉस एंजेलिसच्या परिसरात होते, आणि महायुद्धाच्या काळात हजारो स्त्रीपुरुषांनी तेथे अॅल्युमिनियमच्या पत्र्याशी वागण्याचे शिक्षण घेतले. मऊ लोखंडाचा पत्रा धारदार कोनात वाकवला तरी निमूट वाकतो. विमानाचा 24एस हा कठीण मिश्रधातू (1954 च्या नव्या क्रमांकपद्धतीत त्याचेच नाव 2024 झाले) तसा वाकवला तर घडीवर तडकतो, म्हणून जाडीच्या तिप्पट-चौपट त्रिज्येची गोलाई ठेवावी लागते, आणि हात सोडताच पत्रा थोडा मागे उसळतो म्हणून घडी काही अंशांनी अधिक घालावी लागते. गोलाईचा हा हिशेब कॉर्निसवाल्यांना कधी करावा लागला नव्हता.

युद्ध संपले आणि 1946 पासून वॉर अॅसेट्स अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यामार्फत उरलेल्या सामग्रीचा निकाल लागू लागला. त्याच वर्षी बिल बर्क या तरुणाने लढाऊ विमानाच्या पोटाखालची इंधनटाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी बनवली. एल मिराजच्या कोरड्या सरोवरावर जुन्या फोर्ड गाड्या पळवणाऱ्यांना बाँबफेकी विमानांतील हलक्या आसनांपासून अॅल्युमिनियमच्या पत्र्यापर्यंत सारे मुबलक मिळू लागले, आणि 1948 च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले तेव्हा या छंदाला बोलका आरसा लाभला. मर्क्युरी गाड्यांची छते उतरवणाऱ्या बॅरिस बंधूंच्या पंथात अंतर्भाग म्हणजे गादीकाम. त्यासाठी लोक सरहद्द ओलांडून तिहुआनापर्यंत जात. शर्यतवाल्यांच्या पंथात मात्र उघडा पत्राच शोभे: 1932 च्या फोर्डमध्ये ऑबर्नचा उपकरणफलक, त्यात स्टुअर्ट-वॉर्नरची मापके, आणि खाली घडी घातलेल्या पत्र्याची जमीन. अंतर्भागातील धातुकामाचा खरा वंश या दुसऱ्या पंथातून आला.

आता निवडीकडे वळू. लांबी, बोटे आणि गोलाई हे तीन वारसे समोर असता नवशिका बहुधा लांबीला भुलतो, आणि ही भूल महागात पडते. मोटारीच्या खोलीत एका सरळ रेषेत घडी घालावी असे अंतर चार फुटांहून क्वचितच अधिक असते. उलट गिअरबॉक्सवरचे आच्छादन, दोन आसनांमधली पेटी, बॅटरीचे तबक, ही सगळी कामे चार भिंतींची. म्हणून चार फुटांचे, उंच व सुट्या बोटांचे, गोल टोकाची बोटे बदलून बसवता येतील असे यंत्र मी आठ फुटी तुळईपेक्षा निःसंशय श्रेष्ठ मानतो. अंतर्भागाला 3003 सारखे मऊ अॅल्युमिनियम पुरते, आणि लोखंडाचा पत्रा बहुतेक 18 गेजचा असतो. यंत्राची क्षमता त्याहून एक-दोन गेज जाड पत्र्याची असावी, कारण कारखानदार सांगतो ती कमाल मर्यादा असते, रोजच्या कामाची नव्हे. दोन दिशांनी फुगणारा आकार मात्र कोणत्याही बोटांनी येत नाही. तेथे पुण्याच्या तांबट आळीत चालते तसे हातोडीने मठारणेच भाग आहे.

जुने बिडाचे यंत्र लिलावात मिळाले तर ते नव्याहून उत्तम ठरू शकते, पण पारख करूनच घ्यावे. बोटांच्या धारा बोट फिरवून पाहाव्या, बिजागरीतला ढिलेपणा पान हलवून पाहावा, आणि यंत्राच्या पूर्ण रुंदीची पातळ पट्टी वाकवून दोन्ही टोकांना व मध्यभागी गुण्या लावावा. मध्यभागीचा कोन उघडा राहिला तर पाठीमागची सळई आवळून पाहावे, आणि आवळूनही कोन मिटला नाही तर ते यंत्र तेथेच सोडून यावे.